साखळी तीनशे साठ

बोगदा जूनच्या आत आरपार गेला, तर टिपणीससाहेबांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. निवृत्तीआधी अधीक्षक अभियंत्याची खुर्ची, पुण्याला बदली, आणि ज्या साडूने भर लग्नात त्यांची 'आमचे ओव्हरसियर' म्हणून ओळख करून दिली होती, त्याच्यासमोर एकदा पाय पसरून बसायची सोय. तिसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पण माझं काचेचं टेबल त्यांच्या केबिनच्या भिंतीला टेकून होतं, आणि ट्रंक कॉलवर माणूस जितका लांब तितकं ओरडून बोलायचं असतं अशी साहेबांची समजूत होती.

त्यांच्या मागे आराध्ये. उपअभियंता. साहेब पुण्याला गेले की केबिन त्यांची. आराध्यांनी पडद्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. त्यांच्या मागे मी, कुसुम वायदंडे, ट्रेसर. अभियंत्यांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे शाईने कापडावर उतरवायचे, त्यावरून प्रती निघायच्या. दर सहा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लावून घ्यायचे, म्हणजे कायम करावं लागू नये. त्या वर्षी साहेबांनी माझं नाव कायमच्या यादीत घालून वर पाठवलं होतं. बोगदा झाला की यादी मंजूर, असं होतं ते.

मला काय मिळणार होतं हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःला वगळून सगळ्यांची झाडाझडती घेतली.

डिसेंबरात भूवैज्ञानिक केळुस्कर माझ्या टेबलाशी एक पेन्सिलीची शीट घेऊन आले. पायात कॅनव्हासचे बूट, हातात दगडाचा तुकडा, हा त्यांचा नेहमीचा वेश. डोंगराचा उभा छेद होता तो. तळाशी आडवा बोगदा, त्यावर मीटरचे आकडे. खात्याच्या भाषेत त्याला साखळी म्हणतात. साखळी शून्य म्हणजे बोगद्याचं तोंड, साखळी तीनशे म्हणजे तिथून तीनशे मीटर आत.

"बाई, ही तुटक रेघ आहे ना, ती तुटकच ठेवा हां," ते म्हणाले. "आणि ही तीन प्रश्नचिन्हं गाळू नका. कंटाळा येतो काढायला, ठाऊक आहे मला."

"प्रश्नचिन्हांचा कसला कंटाळा? उत्तरं काढायचा येतो. यात आहे काय?"

"तांबडी माती. दगडाच्या दोन थरांमध्ये अडकलेली. कोरडी असली की विटेसारखी. पाणी लागलं की खीर." त्यांनी बोट फिरवलं. "एक बोअर इथे घेतला, एक तिथे. मधे एकशेवीस मीटर मोकळे. दोन्हीकडून वर आला तो तांबडा रेंदा. म्हणजे ती तीनशे ते चारशेवीसच्या मधे कुठेतरी बोगद्यात उतरतेय. नेमकी कुठे, ते त्या डोंगराक ठाऊक."

"मधे अजून एक बोअर घ्या की."

"मागितला. पाच आठवडे लागतील. साहेब म्हणाले, केळुस्कर, पाच आठवडे मी काय माझ्या घरून आणू?"

जानेवारीत केळुस्करांची भंडाऱ्याला बदली झाली. ती आधीपासूनच ठरलेली होती. त्यात कुणाचं कारस्थान नव्हतं. या गोष्टीत कारस्थान कुठेच नाही, आणि तीच तिची अडचण आहे.

त्यांच्या मागे शीट आराध्यांकडे गेली. ते ती घेऊन माझ्याकडे आले. "वायदंडेबाई, तीनशे ते चारशेवीस असं साहेबांपुढे कसं ठेवायचं? ते विचारणार, कमानी कुठे लावायच्या? माती लागेल तिथे छताला लोखंडी कमानी हव्याच. एकशेवीस मीटरच्या कमानी कोण देणार? आपण आपलं मध्य काढू. सहाशे साठ... नाही, सातशेवीस भागिले दोन. तीनशे साठ."

आणि त्यांनी टिपणीत लिहिलं, 'सुमारे साखळी ३६० येथे'.

टिपणी आत गेली. दोन मिनिटांनी साहेबांचा आवाज आला, "आराध्ये, सुमारे हा शब्द भाजीवाल्याने वापरावा. पाव किलो सुमारे." शब्द खोडला गेला. मग साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. पुढच्या आठवड्यात मंत्रालयातली माणसं येणार होती.

"ट्रेसिंग स्वच्छ हवं, बाई. ही प्रश्नचिन्हं काढा. खातं मंत्र्यांना प्रश्न विचारत नाही. आणि ही रेघ अशी दातपडकी का?"

"केळुस्करसाहेबांनी तुटक ठेवायला सांगितलीय."

"केळुस्कर भंडाऱ्याला आहेत."

मी निब पुसली, दौतीत बुडवली आणि एका दमात रेघ ओढली. अखंड. तिच्या डोक्यावर स्टेन्सिल न लावता, नुसत्या हाताने अक्षरं घातली, 'तांबडी माती, सा. ३६०'. माझं अक्षर चांगलं आहे. टेबलाशी येऊन लोक बघायचे. आमच्या खात्यात एक रीत होती, अजूनही असेल. ट्रेसिंगवर सह्या झाल्या की मूळ पेन्सिलीची शीट रेकॉर्डरूममध्ये जाते आणि पुन्हा कुणी ती उघडत नाही. उघडायची गरज काय? शाईतलं ते खरं.

कमानींची मागणी साखळी तीनशे पन्नासपासून गेली. दहा मीटर अलीकडून, खबरदारी म्हणून. आराध्ये त्या दहा मीटरवर खूश होते.

माझा नवरा जगन्नाथ दुसऱ्या पाळीचा फोरमन होता. दुपारी दोनला बोगद्यावर, रात्री दहाला घरी. माझं ऑफिस साडेदहा ते साडेपाच. म्हणजे जागेपणी आमचा संसार दुपारच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासाचा. कॉलनीतली क्वार्टर ऑफिसला लागूनच होती. मी येऊन भाकरी टाकायची, तो जेवायचा, आणि मी ऐकायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "छत जरा ओलं लागायलंय. दोनशे नव्वदला."

"एप्रिलात?"

"आराध्येसाहेब म्हणाले, डोंगर आहे, घाम येतो."

चार दिवसांनी ड्रिल मारताना दांडा भसकन आत गेला. ओव्हरसियर म्हणाला, बिट झिजलंय, त्यामुळे भोक वाकडं झालं. त्यानंतर ओलाव्याचे थेंब झाले, थेंबांची धार झाली. पंपवाल्याने सांगितलं, वरच्या ओढ्याचं पाणी मुरत असेल. प्रत्येकाकडे एकेक कारण होतं आणि प्रत्येक कारण आपल्यापुरतं बरोबर होतं. मी भाकरी थापत मनात आकडे मांडत होते. दोनशे शहाण्णव. तीनशे एक. तीनशे सात. रोज दोन मीटर पुढे.

मी जगन्नाथला काही सांगितलं नाही. स्वतःला म्हणाले, केळुस्करांनी तीनशे ते चारशेवीस म्हटलं होतं, मग चारशेला नसेल कशावरून? शंका अशीच असते. तुम्हाला सोयीची असली की तुमच्या बाजूने बोलते.

एकोणीस तारखेला तो जेवताना म्हणाला, "काल रात्री जाता जाता भोकातनं तांबडं पाणी आलं."

माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी विस्तवावर पडली.

"अगं भाजलं का?"

"किती आहे साखळी?"

"तीनशे सोळा. आज एक सुरुंग झाला की अठरा. भितेस काय? तुझी माती तीनशे साठला. अजून चाळीस मीटर आहेत मध्ये."

"जपून करा जरा," मी म्हणाले. एवढंच.

तो गेला. मी ऑफिसात न जाता सरळ रेकॉर्डरूममध्ये गेले. शिपायाला म्हटलं, साहेबांना जुनी शीट हवी आहे. ती धुळीत गुंडाळून पडली होती, तीन प्रश्नचिन्हांसकट. ती घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आराध्ये तिथेच होते.

टिपणीससाहेबांनी शीट पाहिली. मूर्ख नव्हता तो माणूस. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"किती साखळीवर आहेत?"

"तीनशे सोळा, साहेब. काम थांबवायला हवं. माणसं बाहेर काढा, कमानी आत्ता..."

"कमानी मिरजेला आहेत. पंधरा मेपर्यंत येतील," आराध्ये म्हणाले.

"मग तोवर थांबवा!"

"काय लिहून थांबवू?" साहेब म्हणाले. "सुधारित नकाशा लावावा लागेल. तो मुख्य कार्यालयात जाईल. ते विचारतील, आधीचा का बदलला. समिती बसेल. ऑगस्ट उजाडेल, बाई. आणि समजा माती निघाली चारशेला. मग?"

"आणि तीनशे वीसला निघाली तर?"

साहेब शीटचा कोपरा सरळ करत म्हणाले, "ट्रेसिंगवर, 'ट्रेस केले' याच्या समोर कुणाची सही आहे?"

"माझी. आणि 'मंजूर' याच्या समोर तुमची."

"मंजूर करणारा समोर आलेला कागद बघतो. काढणारा कागद काढतो." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग फोनचं हँडल फिरवलं. बोगद्यावरच्या शेडमध्ये कुणीतरी उचलला. "हां. टिपणीस. जरा जपून करा म्हणावं. हो, जपून."

दुपारपासून आम्ही सगळे एकमेकांना तो एकच शब्द देत होतो. त्यावर कुणाची सही लागत नव्हती.

मी शीट उचलली आणि बाहेर पडले. मागून आराध्ये ओरडले, "बाई, ते रेकॉर्ड आहे!" सिमेंटचा ट्रक फाटकातून निघत होता. ड्रायव्हरशेजारी चढून बसले. बोगदा चार मैल. तो ट्रक घाटात बैलगाडीसारखा चढत होता आणि मी पायाखालचा पत्रा नुसता दाबत होते, जणू ॲक्सिलरेटर माझ्याकडेच आहे. तीनशे सोळा. एक सुरुंग झाला की अठरा. पाळी दोनला लागते. चारच्या सुमाराला सुरुंग. घड्याळात तीन वाजून दहा.

बोगद्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड होता. बाईमाणसाने त्याच्या पुढे जायचं नाही, गेली तर डोंगर रुसतो, असं सगळ्या पाळ्या मानायच्या. शिदू धनवडे तिथे पाणी प्यायला आला होता. जगन्नाथचा उजवा हात, बोलायला तिखट.

"वैनी? डबा विसरला व्हय उस्ताद?"

"त्यांना बाहेर बोलाव. आत्ता. सगळ्यांनाच बोलाव."

"का, पगार आणलाय?" माझं तोंड बघून त्याची चेष्टा थांबली. "आणतो."

जगन्नाथ आला तो चिडूनच. अंगभर राखाडी धूळ, फक्त डोळे माणसाचे. "इथं काय करतेस? पोरं काय म्हणतील?"

मी शीट त्याच्यापुढे धरली. बोटाने दाखवलं, तीनशे, आणि मग चारशेवीस, आणि मधली तुटक रेघ. त्याला नकाशा वाचता यायचा. मीच शिकवला होता, लग्नानंतर, कॉलनीच्या ओट्यावर बसून.

"हे कधीचं?"

"डिसेंबरचं."

शेडच्या पत्र्यावर माझ्या ट्रेसिंगची छापील प्रत चिकटवली होती. कोपऱ्यांना पीठ लावून, नीट. त्याने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग ते तीनशे साठ?"

"मधलं काढलं. आराध्यांनी. मी... मी रेघ ओढली."

तो हसला. असं हसणं मी परत ऐकलं नाही. "कुसुम, आत पाणी गळायला लागल्यापासून पोरं रोज मला विचारतात, उस्ताद, नकाशा खरा का? मी काय सांगतो माहितेय? अक्षर बघा, माझ्या बायकोच्या हातचं आहे. ती काय नवऱ्याच्या डोक्यावर माती घालंल?"

मागे उभा शिदू मान खाली घालून ऐकत होता.

जगन्नाथने शिट्टी फुंकली. लांब, तीनदा. सुरुंगाची असते तशी. आतून माणसं यायला लागली, एकेक, दोन-दोन, डोळे मिचकावत. तो मोजत होता. मीही मोजत होते. नऊ. दहा. शिदू धरून अकरा.

"मन्सूर कुठाय?"

"फेसवर. ड्रिल चालूय त्याचं. कानात बोळे."

फेस म्हणजे बोगद्याचं आतलं टोक, जिथे दगड फोडतात ते. जगन्नाथ वळला. मी त्याची बाही धरली.

जास्त वेळ नाही. दोन श्वास धरली असेल. काही बोलले नाही, ओढलंही नाही. फक्त सोडली नाही. आणि त्यानेही झिडकारली नाही. फोरमन होता, एका झटक्यात सुटला असता.

शिदूने आमच्याकडे पाहिलं. "उस्ताद, तुमचं नवरा-बायकोचं चालू द्या. त्या बहिऱ्याला मी आणतो." बॅटरी घेऊन तो पळत आत गेला.

आवाज मोठा झाला नाही. गोदामात कुणी ओलं पोतं टाकावं तेवढाच. मग बोगद्याने श्वास सोडला, गार, मातीच्या वासाचा. तोंडाशी उभी असलेली माणसं दोन पावलं मागे ढकलली गेली. थोड्या वेळाने रुळांच्या मधून तांबडं पाणी बाहेर आलं, सावकाश, रस्ता विचारत आल्यासारखं.

जगन्नाथ आत धावला. आता मी काही धरलं नव्हतं. चौघांनी त्याला साखळी दोनशे साठवर पकडून आणलं. पुढे वाटच नव्हती. "मन्सूर," तो ओरडत होता, "शिदू, दिवा दाखव रे, नुसता दिवा दाखव!" त्या दोघांना बाहेर काढायला सहा दिवस लागले.

चौकशी मे महिन्यात झाली. पुण्याहून अधिकारी आले. केळुस्करांना पत्र गेलं, त्यांचं उत्तर आलं, 'शक्यता वर्तवली होती, खात्री नव्हती.' अक्षरशः खरं. आराध्ये म्हणाले, दहा मीटरची खबरदारी घेतली होती. तेही खरं. साहेब म्हणाले, असा भूस्तर अनपेक्षित होता.

मग जगन्नाथला आत बोलावलं. मी दाराबाहेरच्या बाकावर होते. पिशवीत शीट होती. त्या दिवसापासून ती माझ्याकडेच होती आणि रेकॉर्डरूमच्या वहीत 'सापडत नाही' असा शेरा पडला होता.

"तुम्ही लेखी हुकमाशिवाय काम थांबवलंत. का?"

"मला वाटलं, साहेब."

"काय वाटलं?"

"काहीतरी होणार असं."

"कशावरून?"

दार अर्धवट उघडं होतं. त्याला मी दिसत होते. "नुसतं वाटलं," तो म्हणाला.

"आणि असं वाटत असताना दोन माणसं आत ठेवून फोरमन स्वतः तोंडाशी उभा राहिला?"

त्याने फक्त बाही सरळ केली.

नंतर मला बोलावलं. "मूळ नकाशात काही वेगळं होतं?" पिशवी माझ्या मांडीवर होती. शीट काढून टेबलावर ठेवली असती, तर माणसं बाहेर बोलावणारा एकटाच शहाणा होता हे सिद्ध झालं असतं. आणि रेघ कुणी जोडली, तेही. सकाळी निघताना जगन्नाथ म्हणाला होता, "माझी तर जाणारच. एकाची तरी राहू दे." सगळ्यांना मी सांगत आले की त्याने सांगितलं म्हणून मी गप्प बसले. त्याने सांगितलं नसतं तरी मी तेच बोलले असते.

"मला दिलं ते मी ट्रेस केलं, साहेब."

त्या संध्याकाळी शीट स्टोव्हवर धरली. पेन्सिलीचा कागद होता, पटकन गेला.

नंतर मधला बोअर घेतला. पाच आठवडेच लागले. माती तीनशे एकोणिसाला सुरू होत होती. तिथे कमानी लागल्या, बोगदा पुढच्या वर्षी आरपार गेला, आज त्यातून पाणी वाहतं, आणि पलीकडच्या तालुक्यात ऊस उभा आहे. टिपणीससाहेब पुण्याला गेले, आठ महिने उशिराने. आराध्यांनी केबिनला निळे पडदे लावले. बोगदा झाल्यावर जुलैत मला कायमचा हुकूम आला. एकतीस वर्षं नोकरी केली, मुख्य आरेखक म्हणून सुटले, निरोपाला शाल मिळाली.

जगन्नाथला कामावरून काढलं. 'माणसं आत ठेवून जागा सोडली' असं कागदावर लिहून. परत कुठल्या बोगद्यावर त्याला कुणी घेतलं नाही. त्याने पिठाची गिरणी चालवली, अठरा वर्षं, पट्ट्याच्या आवाजात, कारण शांत जागी त्याला बसवत नसे. शिदूची बायको दळण घेऊन यायची. तो तिच्याशी नजर न मिळवता दळून द्यायचा. मला मात्र त्याने शेवटपर्यंत एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

चुकीची किंमत कुणी भरली, हे मी कितीदा मोजलं आहे. शिदू धनवडे. मन्सूर, ज्याचं आडनाव हजेरीपटावर कधी कुणी लिहिलंच नव्हतं. तिसरा जगन्नाथ. ज्यांनी मध्य काढला, शब्द खोडला आणि रेघ जोडली, त्या तिघांपैकी कुणाचंच नाव त्यात येत नाही. आराध्ये गेले, साहेब गेले. त्या तिघांतली मी अजून आहे.